संगणकासाठी हेडफोन घेताना : कमी पैशांत चांगला माल कसा ओळखावा

गेल्या महिन्यात आमच्याकडे दोन वाचकांची पत्रे आली. पहिले पत्र भिवंडीचे. लिहिणाऱ्या चाचांनी तीस वर्षे यंत्रमागावर काढली आणि आता त्यांना कमी ऐकू येते. घरची माणसे मोठ्याने बोलतात, तरी निम्मे कळते, निम्मे राहून जाते. त्यांचा मुलगा बी. कॉम. झाला असून घरी बसून संगणकावर एका कंपनीचे फोनवर बोलण्याचे काम करतो आणि रात्री मित्रांबरोबर संगणकावरच खेळ खेळतो. त्याला हेडफोन हवा आहे. चाचा लिहितात, "माझे कान पोटासाठी गेले. पोराचे कान खेळापायी जाऊ नयेत. दीड-दोन हजारांत काय घ्यावे ते सांगा."

दुसरे पत्र मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावच्या मोबाईल दुकानदाराचे. त्यांनी घाऊक बाजारातून 'गेमिंग' असे छापलेले, रंगीत दिवे लागणारे पन्नास हेडफोन आणले, तेही बिलाशिवाय. दोन महिन्यांत बारा नग परत आले. घाऊक व्यापारी आता ओळख दाखवत नाही. गिऱ्हाईक मात्र मोहल्ल्यातलेच, रोज समोरून जाणारे. त्यांना तोंड कसे द्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

एक पत्र घेणाऱ्याचे, दुसरे विकणाऱ्याचे. पण दोघांची अडचण एकच आहे : खोक्यावर काय लिहिले आहे ते दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून आज आम्ही या विषयाची थोडी उकल करीत आहोत.

हेडफोनच्या आत काय असते

हेडफोन म्हणजे कानावर ठेवलेले दोन छोटे लाऊडस्पीकर. आत एक लोहचुंबक, त्यात हलणारे बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा. संगणकातून येणारा विजेचा प्रवाह वेटोळ्यातून गेला की ते मागेपुढे हलते, पडदा थरथरतो आणि हवा हलून आवाज होतो. या सबंध भागाला बाजारात 'ड्रायव्हर' म्हणतात. तीनशे रुपयांच्या आणि तीस हजारांच्या बहुतेक हेडफोनांत तत्त्व हेच. फरक पडतो तो पडद्याच्या जातीत, डबीच्या घडणीत, कानाच्या गादीत आणि दोन्ही बाजू किती सारख्या जुळवल्या आहेत यात.

ही वस्तू मुळात कारागिराचीच आहे. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते थेट अमेरिकी नौदलाने घेतले. दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारा स्टिरिओ हेडफोन १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी बाजारात आणला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने मागून उघडा असलेला हलका हेडफोन काढला आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने हेडफोन रस्त्यावर आणला. आज मुले संगणकावर जो हेडफोन मागतात, तो याच घराण्यातला आहे. त्यात बोलण्यासाठी माईक जोडला की त्याला हेडसेट म्हणतात, इतकेच.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर आकडे पुष्कळ असतात. त्यातले काही कामाचे, काही केवळ शोभेचे.

पहिला आकडा ड्रायव्हरचा : ४० मिमी, ५० मिमी. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज, असा समज आहे. तो बरोबर नाही. नीट घडवलेला ४० मिमीचा ड्रायव्हर वाईट घडवलेल्या ५० मिमीच्या ड्रायव्हरपेक्षा केव्हाही सरस. कापडाचा पन्हा मोठा म्हणून सूत चांगले असते असे नाही, हे विणकर बंधूंना आम्ही सांगायला नको.

दुसरा आकडा '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ'. तरुण माणसाच्या कानाला साधारण एवढाच पल्ला ऐकू येतो आणि वय वाढते तसा वरचा पल्ला कमी होत जातो. हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. त्या पल्ल्यात आवाज कुठे फुगतो आणि कुठे बसतो हे महत्त्वाचे, आणि ते खोका सांगत नाही. सबब या आकड्यावरून निवड करू नये.

तिसरा आकडा ओहमचा, आणि हा कामाचा आहे. याला रोध म्हणावे. संगणकाच्या किंवा लॅपटॉपच्या छिद्रातून निघणारी ताकद बेताची असते. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन त्यावर आरामात चालतो, साठ-सत्तर ओहमचाही बहुधा चालतो. परंतु स्टुडिओत वापरतात तसा २५० ओहमचा हेडफोन स्वस्तात मिळाला म्हणून घरी आणला, तर आवाज दबका येतो आणि वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. स्वस्त पडलेला माल असा महाग पडतो.

चौथा आकडा डेसिबलचा, म्हणजे ठरावीक ताकदीत हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा. शंभरच्या आसपास आकडा असला तर संगणकाला पुरे.

'७.१ सराऊंड' हे शब्द सर्वांत जास्त फसवे आहेत. यावरून आत आठ स्पीकर आहेत असे गिऱ्हाइकाला वाटते. स्वस्त हेडफोनात प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो आणि बाकीचा आभास संगणकातील सॉफ्टवेअर निर्माण करते. तसे सॉफ्टवेअर विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज सॉनिक' या नावाने फुकट मिळते. मग त्यासाठी जादा पैसे का मोजावेत? रंगीत दिव्यांचेही तसेच. त्यांनी आवाजात काडीचाही फरक पडत नाही. दिव्यांवर गेलेला पैसा ड्रायव्हर आणि वायर यांतून कापलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

उघडा की बंद

हेडफोनचे दोन मुख्य प्रकार आहेत. ज्याच्या डबीला मागून जाळी असते तो उघडा आणि ज्याची डबी पूर्ण झाकलेली असते तो बंद.

उघड्या हेडफोनात आवाज मोकळा वाटतो, कान कमी तापतात आणि खेळात कोणता आवाज कुठून आला ते सहज उमगते. पण बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला आवाज बाहेर जातो. शांत खोलीत एकट्याने बसणाऱ्यासाठी तो उत्तम. बंद हेडफोनात बाहेरचा गोंगाट बराच अडतो. मात्र उन्हाळ्यात कान घामेजतात आणि हलक्या मालात ढोलासारखा घुमणारा आवाज येतो.

आपल्याकडे पुष्कळांच्या घरात स्वतंत्र खोली नसते. एका खोलीत मुले अभ्यास करतात, दुसरीकडे शिलाई मशीन चालते, खाली रस्ता असतो, आणि भिवंडी-मालेगावात तर भिंतीपलीकडे माग खडखडत असतात. अशा घरात उघडा हेडफोन घेतला तर गोंगाटावर मात करण्यासाठी मुलगा आवाज वाढवीत जातो. इथे बंद हेडफोनच घ्यावा, आणि त्याची गादी कानाभोवती नीट बसते का ते पाहावे. चांगला बसणारा बंद हेडफोन असला की कमी आवाजात काम भागते. हाच कानाचा खरा बचाव.

कानात खोचण्याचे इअरफोन स्वस्त असतात आणि त्यांतले काही उत्तम वाजतात. रबरी टोपी कानात नीट बसली तर गोंगाटही चांगला अडतो. पण रोज सहा-सात तासांचे काम असेल तर कान दुखतात. तासभर वापरणाऱ्याने ते जरूर घ्यावेत.

पिन, यूएसबी की बिनवायरचा

पुष्कळ माल इथेच परत येतो. हेडफोन बिघडलेला नसतो, जोडणी चुकलेली असते.

साडेतीन मिमीची पिन नीट पाहावी. तिच्यावर दोन काळे कडे असतील तर ती फक्त ऐकण्याची. तीन कडे असतील तर ऐकणे आणि माईक दोन्ही तिच्यातूनच जातात. हल्लीच्या लॅपटॉपला बहुधा एकच छिद्र असते, त्यात तीन कड्यांची पिन चालते. टेबलावरच्या संगणकाला मात्र पुष्कळदा दोन छिद्रे असतात, हिरवे ऐकण्याचे आणि गुलाबी माईकचे. त्यात तीन कड्यांची पिन घातली तर आवाज येतो, पण माईक चालत नाही. गिऱ्हाईक समजते की माल खराब. यावर एका पिनेचे दोन टोक करणारी छोटी वायर मिळते, तिने काम होते. दुकानदाराने "संगणक कोणता, छिद्रे किती?" हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कटकट वाचेल.

टेबलावरच्या संगणकाच्या पुढच्या छिद्रातून कधी कधी घूं असा आवाज येतो. तेव्हा पिन मागच्या छिद्रात लावून पाहावी. तरीही गेला नाही तर छोटे यूएसबी साऊंड कार्ड किंवा पिन लावायचे यूएसबी-सी कन्व्हर्टर घ्यावे. संगणकाची अंगची आवाजाची व्यवस्था वाईट असेल तर थेट यूएसबीचा हेडसेट सोयीचा, कारण तिचे काम हेडसेटच्या अंगच्या चकतीत होते.

ब्लूटूथचा हेडफोन गाणी ऐकायला आणि फिरताना चांगला. खेळासाठी नव्हे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा इतका उशीर होतो. सिनेमा पाहताना संगणक हा उशीर सांभाळून घेतो, पण खेळात बंदूक आधी दिसते आणि आवाज मागून येतो. शिवाय साध्या ब्लूटूथवर माईक सुरू केला की ऐकण्याचा आवाज टेलिफोनसारखा फिका होतो. बिनवायरचाच हवा असेल तर सोबत यूएसबीची छोटी चकती येणारा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा घ्यावा. त्यात हा उशीर जाणवत नाही. तो मात्र दोन हजारांत क्वचितच चांगला मिळतो. म्हणून कमी पैशांत वायरचाच हेडफोन घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळासाठी नेमके काय हवे

'गेमिंग' हा शब्द छापला की किंमत वाढते. खेळाला प्रत्यक्षात तीन गोष्टी लागतात : पावलांचा बारीक आवाज स्वच्छ ऐकू यावा, तो डावीकडून आला की उजवीकडून ते कळावे, आणि साथीदारांशी नीट बोलता यावे. पहिल्या दोन गोष्टी गाणी ऐकण्याचा साधा, चांगला स्टिरिओ हेडफोनही करतो. आपल्याला दोनच कान आहेत, आणि एका कानाला आवाज किंचित आधी व मोठा पोचतो यावरूनच आपण दिशा ओळखतो. बऱ्याच खेळांत 'हेडफोन' अशी वेगळी सोय असते, ती चालू करावी. ती चालू असताना विंडोजचे सराऊंड बंद ठेवावे. दोन्ही एकदम लावले की दिशा बिघडते.

उलट, ज्या हेडफोनात धमधम फार असते त्यात पावलांचा आवाज बुडतो. दुकानात असा हेडफोन पहिल्या मिनिटाला मन मोहून टाकतो. विकत घेणाऱ्याने त्या पहिल्या मिनिटापासून सावध राहावे.

माईकसाठी दोन वाटा आहेत. एक, माईकसह हेडसेट. दुसरी, चांगला साधा हेडफोन आणि लॅपटॉपचा अंगचा किंवा टेबलावरचा स्वस्त माईक. फोनवर बोलण्याचे रोजचे काम असेल, जसे चाचांच्या मुलाचे आहे, तर तोंडाजवळ येणारा माईक असलेला हेडसेटच घ्यावा. घरचा गोंगाट पलीकडच्या गिऱ्हाइकाला कमी ऐकू जातो.

काही नावे उदाहरणादाखल सांगतो, जाहिरात म्हणून नव्हे. सोनीचा एमडीआर-झेडएक्स ११० हा छोटा, कानावर बसणारा, २४ ओहमचा, बंद हेडफोन आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स हा कानाभोवती बसणारा, ४७ ओहमचा, बंद. तैवानच्या सुपरलक्सचा एचडी ६८१ हा अर्धवट उघडा, ३२ ओहमचा. कॉसचा केएससी ७५ हा कानाला अडकवायचा, उघडा, ६० ओहमचा. यांतल्या एकाही नावापुढे 'गेमिंग' लिहिलेले नाही, पण संगणकावर सगळे चालतात. किमती दर महिन्याला खालीवर होतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्यावे.

दुकानात तपासणी कशी करावी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली हे या मालाचे जुने बाजार. तेथे गेल्यावर लाजू नये. खोका उघडून पुढील तपासणी करावी.

आपल्या ओळखीचे गाणे लावावे, ज्यात माणसाचा आवाज स्पष्ट आहे असे. गाणारा बरोबर मध्यभागी ऐकू आला पाहिजे. एका बाजूला सरकला तर दोन्ही ड्रायव्हर जुळलेले नाहीत. आवाज चालू असताना पिनेजवळ आणि डबीजवळ वायर हलकेच वाकवावी. खरखर झाली तर तो नग घेऊ नये. डोक्यावरची पट्टी हाताने सावकाश ताणून पाहावी, प्लॅस्टिक करकरले तर ते वर्षभर टिकणार नाही. हेडफोन निदान दहा मिनिटे डोक्यावर ठेवावा. चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासह, टोपी वा ओढणी वापरणाऱ्याने तिच्यासह. गादी कापडावर बसली की फट राहते आणि गोंगाट आत येतो, हे घरी गेल्यावर कळून उपयोग नाही. माईक असेल तर त्यावर चार वाक्ये बोलून रेकॉर्ड करावीत आणि ऐकावीत.

वायर काढता येणारी आणि गादी बदलता येणारी असेल तर शंभर-दोनशे रुपये जादा द्यावेत. हेडफोन मरतो तो बहुधा वायरीने किंवा गादीने, ड्रायव्हरने क्वचित.

कानाचा हिशेब

आता चाचांच्या मुख्य काळजीकडे वळू. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात सुमारे पंधरा हजार केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाजाचे संदेशात रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि मेलेल्या पुन्हा येत नाहीत. माग असो की हेडफोन, कानाला त्याचा भेद कळत नाही. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून जास्त आवाज मोजला गेलेला आहे. चाचांचे कान असे गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ऐकण्याच्या साधनांसाठी जे प्रमाण दिले, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तास आणि मुलांना ७५ डेसिबल चाळीस तास ही मर्यादा आहे. यात एक हिशेब समजून घ्यावा. दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८० ला चाळीस तास, तर ८३ ला वीस, ८६ ला दहा, ८९ ला पाच आणि ९५ ला अवघा सव्वा तास. हा सव्वा तास दिवसाचा नव्हे, आठवड्याचा. व्याजावर व्याज चढावे तसे हे आहे. बटण थोडेसे वर सरकवले जाते, पण कानाचे भांडवल निम्म्या वेळात खलास होते.

बंदुकांच्या खेळांत आणखी एक धोका आहे. पावले ऐकू यावीत म्हणून मुले आवाज वाढवतात आणि मग त्याच आवाजात गोळीबार कानावर आदळतो. २०२४ च्या जानेवारीत बीएमजे पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात चौदा अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अशा खेळांत आवाजाची पातळी पुष्कळदा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे जाते, असे त्यात दिसून आले.

उपाय साधे आहेत. हेडफोन लावण्याआधी आवाज शून्यावर आणावा आणि हळूहळू वाढवावा. संगणकाच्या पूर्ण आवाजाच्या साठ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. हातभर अंतरावर कोणी साध्या आवाजात बोलले आणि अजिबात कळले नाही, तर बहुधा आवाज जास्त आहे. बंद हेडफोनात ही खूण तितकी नेमकी नाही, तिथे टक्क्यांवरच भर द्यावा. संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पुष्कळदा 'लाऊडनेस इक्वलायझेशन' ही सोय असते. ती चालू केली की बारीक आवाज वर येतात आणि मोठे दबतात. मग पावलांसाठी एकूण आवाज वाढवावा लागत नाही. दर तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. खेळ संपल्यावर कानात शिटी वाजत राहिली तर ती धोक्याची घंटा समजावी. ती वारंवार होऊ लागली तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. मागावर काम करणाऱ्या बंधूंनीही ही तपासणी करावी आणि कामावर कानात बोळे घालावेत. जे उरले आहे ते तरी राखता येते.

दुकानदार बंधूंसाठी

आता दुसऱ्या पत्राकडे. आधी नफ्याचा हिशेब करू. समजा चारशेचा नग सहाशेला विकला. पन्नास नगांत कागदावर दहा हजार नफा. पण बारा नग परत आले आणि पैसे द्यावे लागले, तर ७,२०० रुपये गेले, उरले २,८००. याउलट समजा नऊशेचा, कंपनीच्या हमीचा माल बाराशेला विकला. वीसच नग गेले आणि एक बिघडलेला कंपनीने बदलून दिला, तरी नफा सहा हजार. भांडवल थोडे कमीच गुंतले आणि नाव राहिले. स्वस्त माल नेहमी स्वस्त नसतो.

बिलाशिवाय माल घेऊ नये. हेडफोनवर अठरा टक्के जीएसटी आहे आणि तो ८५१८ या शीर्षाखाली येतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो, पण बिल असले तरच. बिल नसेल तर तो अठरा टक्के तर बुडतोच, शिवाय माल परत करताना घाऊकवाल्यापुढे हातात काही पुरावा राहत नाही.

खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, आयात माल असल्यास कोणत्या देशाचा ते, आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे. बिनवायरच्या हेडफोनला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घालून खरा-खोटा तपासता येतो. दोन मिनिटांचे काम आहे.

नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माल तर दुकानात ठेवूच नये. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात असा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. "मला माहीत नव्हते" हे सिद्ध करण्याचे ओझे दुकानदारावर येते, आणि तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी पुष्कळ दुकानांत दिसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. म्हणून पाटी काढावी आणि बिलावर मुदत स्वच्छ लिहावी. नवा माल आणताना आधी पाच नग आणावेत, त्यांतला एक स्वतः महिनाभर वापरावा, मग पन्नास मागवावेत. दुकानात एक हेडफोन ऐकून पाहण्यासाठी उघडा ठेवावा. ज्याने ऐकून घेतले तो सहसा परत येत नाही. आला तरी दुसरा नग घ्यायला येतो.

दुरुस्तीत कारागिरांना काम आहे

परत आलेले बारा नग टाकून देऊ नयेत. मल्टिमीटर लावून पाहावे. ३२ ओहमच्या चांगल्या ड्रायव्हरवर तिसाच्या आसपास आकडा येतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा. आकडा येतच नसेल तर पिनेवरच्या टोकापासून डबीच्या आतपर्यंत शोध घ्यावा, बहुधा तार पिनेजवळ तुटलेली सापडते. दोन कड्यांच्या पिनेत टोक डाव्या कानाचे, मधला भाग उजव्याचा आणि मुळाकडचा सामायिक असतो. आतल्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही. नवशिके इथेच फसतात.

गाद्यांचेही तसेच आहे. नकली चामडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत सोलून काळी खपली पडते. तयार गाद्या मिळतात. ज्यांचा हात शिलाईवर बसला आहे, त्यांना सुती कापडाच्या किंवा मऊ चामड्याच्या खोळी शिवून देता येतील. मात्र गादीची जाडी बदलली की आवाजही बदलतो, म्हणून मूळ मापाचीच शिवावी.

तात्पर्य, भिवंडीच्या चाचांना आमचा सल्ला असा : कानाभोवती बसणारा, बंद, वायरचा, तोंडाजवळ माईक असलेला, सोळा ते साठ ओहमचा हेडसेट घ्यावा. दिवे नकोत, ७.१ नको. एक वर्षाची हमी आणि बिल घ्यावे. संगणकाला दोन छिद्रे असतील तर पिनेची छोटी वायर सोबत घ्यावी. घरी आणल्यावर मुलाला शेजारी बसवून आवाजाची खूण साठ टक्क्यांवर लावून द्यावी. हेडफोन बिघडला तर दुसरा मिळेल, कान मिळणार नाहीत, हे त्याला चाचांइतके दुसरे कोण सांगू शकेल?

आणि मराठवाड्याच्या दुकानदार भाईंना एवढेच सांगणे : त्या बारा गिऱ्हाइकांना बोलावून जे दुरुस्त होईल ते फुकट दुरुस्त करून द्यावे, जे होणार नाही त्याचे पैसे द्यावेत किंवा फरक घेऊन चांगला नग द्यावा. या खेपेला घाटा होईल. पण मोहल्ल्यात दुकान चालते ते मालावर कमी आणि शब्दावर जास्त. तो शब्द राहिला तर घाटा पुढच्या हंगामात भरून निघेल.